महाविद्यालय सोडण्याची किंमत

व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क किती असावे, या प्रश्नावर आपल्या देशात गेली तीस वर्षे न्यायालयांत, विधिमंडळांत आणि वृत्तपत्रांत अखंड वाद चालू आहे. १९९३ चा उन्नीकृष्णन, २००२ चा टी. एम. ए. पै, २००३ चा इस्लामिक अकादमी, २००५ चा इनामदार : सर्वोच्च न्यायालयाच्या या प्रत्येक निकालाने शुल्काचे गणित थोडे इकडे, थोडे तिकडे सरकवले. राज्योराज्यी समित्या नेमल्या गेल्या. महाराष्ट्राने तर २०१५ साली स्वतंत्र कायदा करून शुल्क नियामक प्राधिकरण स्थापन केले. या सगळ्या उठाठेवीत एक साधा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. घेतलेला प्रवेश परवडेनासा झाला, किंवा हे महाविद्यालय आपल्या कामाचे नाही असे पहिल्या वर्षाअखेर कळून चुकले, तर विद्यार्थ्याला तेथून बाहेर पडता येते काय? आणि पडायचेच झाले, तर त्याला काय मोजावे लागते?

माझे म्हणणे असे आहे की शुल्काचा आकडा हा प्रश्नाचा निम्माच भाग आहे, आणि तोही कमी महत्त्वाचा. महाविद्यालयीन खर्चाने मध्यमवर्गीय कुटुंब मोडते ते मुख्यतः त्या खर्चातून मध्येच मोकळे होता येत नाही म्हणून. आणि हे मोकळे होता न येणे निसर्गनियमाने घडलेले नाही. ते आपण, म्हणजे प्रशासनाने, नियम करून आणि त्याहून अधिक नियम न करून घडवलेले आहे.

हे प्रकरण महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना अधिक जाचते. बदलीच्या नोकरीत मूल शाळेत असते तोवर सरकार त्याची पाठराखण करते. केंद्रीय विद्यालयांची योजना १९६० च्या दशकाच्या आरंभी आखली गेली तीच मुळी बदलीवर जाणाऱ्यांच्या मुलांसाठी. बदलीचा आदेश आणि शाळेचा दाखला दाखवला की वर्षाच्या मध्यावरही गुवाहाटीचे मूल पुण्याच्या वर्गात जाऊन बसते. बाल शिक्षण भत्ता मिळतो; १ जानेवारी २०२४ पासून तो दरमहा २,८१२ रुपये ५० पैसे आहे. बारावीचा निकाल लागला की दोन्ही गोष्टी एकदम थांबतात. (दहावीनंतरच्या पदविकेची पहिली दोन वर्षे भत्त्यात धरली जातात, एवढाच काय तो अपवाद.) शिक्षणाचा खर्च जेथे दहा पटींनी वाढतो, नेमके तेथेच सरकारचे बोट सुटते.

त्यात पुन्हा गृहराज्याचा घोळ. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांमधील निम्म्या जागा गृहराज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात आणि गृहराज्य ठरते ते बारावी कोठून केली त्यावर. आजोबा-पणजोबांपासून वऱ्हाडात घर असलेला मुलगा वडिलांच्या नेमणुकीमुळे बारावी भुवनेश्वरला करतो आणि नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेच्या दृष्टीने तो परराज्यातला ठरतो. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात पालक अधिवासी असेल, किंवा केंद्राचा नोकर म्हणून राज्यात नेमलेला असेल, तर वेगळ्या वर्गवारीतून दार उघडते हे खरे. पण तेव्हा लागणारा अधिवासाचा दाखला, त्यासाठीचे जुने पुरावे आणि प्रवेशफेरीची तारीख यांचा मेळ हजार मैलांवरून घालणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. परिणाम असा होतो की ही कुटुंबे घाईघाईने, न पाहिलेल्या गावातल्या, न पाहिलेल्या खाजगी महाविद्यालयात, माहितीपत्रकातल्या हिरवळीच्या भरवशावर प्रवेश घेतात. ज्यांना निवड बदलण्याची गरज पडण्याची शक्यता सर्वाधिक, तेच सर्वांत घट्ट बांधले जातात.

आता आकडेमोड करू. आकडे सोयीसाठी गोल घेतले आहेत, पण व्यवहारापासून फार दूर नाहीत. चार वर्षांचा अभियांत्रिकी अभ्यासक्रम. शुल्क वर्षाला २ लाख, वसतिगृह आणि खानावळ १ लाख. पहिले वर्ष संपले, ३ लाख गेले. ते बुडीत, त्यांचा विचार पुढच्या निर्णयात करायचा नसतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात आणि घरोघरच्या वडिलांना ते कधीच पटत नाही. असो. पुढची तीन वर्षे तेथेच काढली तर आणखी ९ लाख. समजा आईवडिलांच्या गावी ९० हजार शुल्काचे महाविद्यालय आहे आणि मुलगा घरून जाऊन-येऊन शिकू शकतो. दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळाला तर तीन वर्षांचे २ लाख ७० हजार. वाचले ६ लाख ३० हजार. एखाद्या मध्यम पगाराच्या घरात ही रक्कम म्हणजे धाकट्या बहिणीचे पूर्ण शिक्षण.

पण जुने महाविद्यालय म्हणते, उरलेल्या तीन वर्षांचे शुल्क भरा आणि मग जा. म्हणजे ६ लाख. बचत उरली ३० हजार. आणि नवे महाविद्यालय म्हणाले, की तुमचे पहिले वर्ष आम्ही धरत नाही, पुन्हा आरंभापासून या. तर चार वर्षांचे ३ लाख ६० हजार अधिक ६ लाख, म्हणजे आहे तेथेच राहण्यापेक्षा ६० हजार जास्त, वर एक वर्ष वाया. बाहेर पडण्याचा दंड बरोबर तेवढा आहे, जेवढ्याने बाहेर पडण्याचा सगळा फायदा पुसला जावा. हा योगायोग आहे असे मानायला मी तयार नाही.

ही मागणी येते कोठून? तिची कायदेशीर पाळेमुळे गमतीची आहेत. इस्लामिक अकादमीच्या २००३ च्या निकालात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने विद्यार्थ्यांच्या बाजूने एक चांगली गोष्ट केली : एका वेळी एका सत्राचे वा वर्षाचेच शुल्क घ्यावे, संपूर्ण अभ्यासक्रमाचे आगाऊ घेऊ नये. पण त्याच ओघात असेही म्हटले गेले, की एखादा विद्यार्थी मध्येच सोडून जाईल असे संस्थेला वाटत असेल तर उरलेल्या शुल्काबद्दल फार तर हमीपत्र किंवा बँक हमी घेता येईल. न्यायालयाने ‘फार तर’ म्हणून दिलेली ही मुभा अनेक संस्थांनी सरसकट नियम करून टाकली. प्रवेशाच्या दिवशी सह्यांसाठी पुढे केल्या जाणाऱ्या गठ्ठ्यात ते एक पान असते. रांगेत मागे दीडशे माणसे उभी असताना ते पान वाचणारा पालक मी अजून पाहिलेला नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने या विषयावर काही केले नाही असे नाही. २००७ च्या एप्रिलमध्ये आयोगाने जाहीर सूचना काढली : अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी प्रवेश रद्द केल्यास हजार रुपयांहून अधिक कापू नये आणि मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये त्याहून सविस्तर अधिसूचना आली. प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या पंधरा दिवस आधीपर्यंत सोडल्यास जवळजवळ पूर्ण परतावा, नंतर नव्वद टक्के, ऐंशी, पन्नास आणि अंतिम तारखेनंतर तीस दिवस उलटले की शून्य. मूळ कागदपत्रे पडताळून तिथल्या तिथे परत करावीत असेही त्यात आहे. वाचायला उत्तम. पण या संपूर्ण रचनेची नजर पहिल्या महिन्यावर आहे. वर्ष संपल्यावर जो जाऊ पाहतो त्याच्याकडून पुढच्या वर्षांचे पैसे मागता येतील की नाही, यावर ती गप्प आहे. आणि प्रशासनात गप्प बसलेला नियम नेहमी बलवानाच्या बाजूने बोलतो.

अंमलबजावणीचे तर विचारूच नका. शिक्षांच्या यादीत अनुदान रोखणे आहे. पण अनुदान न घेणाऱ्या संस्थेला त्याचे काय? संलग्नता वा दर्जा काढून घेण्याची शिफारसही आहे. पण एका विद्यार्थ्याची बारावीची गुणपत्रिका परत मिळावी म्हणून एवढी मोठी तोफ कोणी डागत नाही, आणि डागूही नये, कारण तिच्या तडाख्यात उरलेले दोन हजार विद्यार्थी येतील. लहान अपराधाला लहान, झटपट आणि हमखास शिक्षा लागते. आपल्याकडे मोठी, लांबणीवरची आणि न होणारी शिक्षा लिहिण्याची परंपरा आहे. ग्राहक मंचाचा एक स्वस्त मार्ग होता. परंतु राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने २०२० च्या जानेवारीत शैक्षणिक संस्थांना ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. राहिले उच्च न्यायालय. तेथे उरलेल्या शुल्काइतका खर्च वकिलावर करण्याची ज्याची ऐपत आहे, त्याला मुळात महाविद्यालय बदलण्याची गरज नसते.

माझ्या कार्यालयातील एका सहकाऱ्याचा मुलगा दक्षिणेतील एका खाजगी महाविद्यालयात होता. वडिलांना हृदयविकार झाला, वैद्यकीय खर्चाचा परतावा यायचा तेव्हा आला, आणि दुसऱ्या वर्षी मुलाला घराजवळ आणावे असे ठरले. घराजवळच्या सरकारी मदतीवरच्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाच्या त्याच शाखेत जागा रिकामी होती. प्राचार्य घ्यायला तयार होते. त्यांना हवे होते तीन कागद : सोडल्याचा दाखला, स्थलांतर प्रमाणपत्र आणि मूळ गुणपत्रिका. तिन्ही जुन्या महाविद्यालयाच्या कपाटात. लेखा विभागाने शांतपणे तीन वर्षांच्या शुल्काचे चलन पुढे केले. सहकाऱ्याने आयोगाच्या अधिसूचनेची प्रत दाखवली तेव्हा त्यांना सांगण्यात आले की ती प्रवेश रद्द करण्याबद्दल आहे, मध्ये सोडून जाण्याबद्दल नाही. शब्दशः पाहता हे उत्तर चूक म्हणता येत नाही, हीच त्यातली मेख. प्रवेशाची मुदत टळली. मुलगा तेथेच राहिला, बँकेचे कर्ज वाढवले गेले.

कर्जाची गोष्टही याच माळेतली. शैक्षणिक कर्ज मंजूर होते ते विद्यार्थ्याच्या नावाने, पण बांधलेले असते ठराविक संस्थेच्या ठराविक अभ्यासक्रमाला; हप्ते थेट संस्थेच्या खात्यात जातात. संस्था बदलली की नव्याने प्रस्ताव, नवे शुल्कपत्रक, जुन्या संस्थेचे ना हरकत पत्र (पुन्हा तेच कपाट). २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना अनेक अर्थांनी स्वागतार्ह आहे : साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला ७५ टक्के पतहमी, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत. मात्र ती मानांकनातील ठराविक संस्थांपुरती आहे. यादीतल्या महागड्या संस्थेत सवलत आहे. खर्च झेपत नाही म्हणून विद्यार्थी यादीबाहेरच्या, गावाकडच्या स्वस्त महाविद्यालयात गेला, तर तेथे ती नाही. अधिक खर्च करणाऱ्याला सरकार मदत करते आणि काटकसर करणाऱ्याला म्हणते, तुझे तू बघ. योजना आखणाऱ्यांच्या मनात असे काही नव्हते हे मला माहीत आहे. पण लाभ विद्यार्थ्याऐवजी संस्थेच्या नावाला चिकटवला की असेच होणार.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० साली मांडलेला एक साधा विचार येथे आठवतो. संस्था बिघडू लागली की तिच्याकडे जाणाऱ्यांपुढे दोन वाटा असतात : सोडून जाणे, किंवा राहून आवाज उठवणे. दोन्हींपैकी एक तरी वाट खुली असेल तर संस्था सुधारण्याची आशा असते. आपल्या खाजगी महाविद्यालयांत आवाज उठवणाऱ्याचे अंतर्गत गुण महाविद्यालयाच्याच हाती, आणि सोडून जाणाऱ्याची कागदपत्रे महाविद्यालयाच्याच कपाटात. मग प्रयोगशाळेत यंत्रे नाहीत, प्राध्यापक दर सत्राला बदलतात, वसतिगृहाचे पाणी पिववत नाही, याची संस्थाचालकाने काळजी का करावी? त्याची स्पर्धा एकाच दिवसापुरती असते : प्रवेशाच्या. म्हणूनच सगळा पैसा जाहिरातीत आणि प्रवेशद्वाराच्या कमानीत जातो. कमान मात्र बहुतेक ठिकाणी खरोखरच देखणी असते.

सरकारला अशी बंधने तोडता येत नाहीत असेही नाही. २०११ च्या जानेवारीपासून देशभर कोणीही आपला भ्रमणध्वनी क्रमांक न बदलता कंपनी बदलू शकतो. कंपन्यांनी आधी बराच आरडाओरडा केला होता. त्याच वर्षी आरोग्य विम्याला तीच सोय मिळाली. २०१२ साली रिझर्व्ह बँकेने बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावरील मुदतपूर्व फेडीचा दंड रद्द केला. वीस वर्षांचे कर्ज देणाऱ्या बँकेला, कर्जदार तिसऱ्या वर्षी दुसऱ्या बँकेकडे गेला तर उरलेल्या सतरा वर्षांचे व्याज मागता येत नाही. उरलेल्या तीन वर्षांचे शुल्क मागणारे महाविद्यालय हे बँकेपेक्षा अधिक पवित्र कसे?

यावर ठरलेले उत्तर असते : आमची जागा चार वर्षे रिकामी राहते, आमचे नुकसान होते. नुकसान होत असेल तर ते सिद्ध करावे. १८७२ चा करार कायदा एवढेच सांगतो. करारभंगाची भरपाई वाजवी असावी, दंड म्हणून लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, आपोआप मिळणारा हक्क नाही. आणि नुकसान कमी करण्याचे कोणते मार्ग उपलब्ध होते हेही पाहावे लागते. आता अभियांत्रिकीत पदविकाधारकांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश देण्याची पद्धत जुनी आहे आणि पहिल्या वर्षात रिकाम्या राहिलेल्या वा झालेल्या जागाही त्यांतून भरल्या जातात. म्हणजे जाणाऱ्याकडून तीन वर्षांचे शुल्क घ्यायचे आणि त्याच जागेवर आलेल्याकडूनही तीन वर्षांचे घ्यायचे. याला नुकसान म्हणत असतील तर असे नुकसान सोसायला पुष्कळ लोक तयार होतील. जागा खरोखरच रिकामी राहिली, तर एका सत्राच्या शुल्काएवढी भरपाई मी समजू शकतो. त्यापलीकडे नाही.

दुसरे उत्तर विद्यापीठांकडून येते : अभ्यासक्रम वेगळे, समकक्षता कशी ठरवायची? अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी देशभर गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, अभियांत्रिकी आरेखन, कार्यशाळा आणि संगणकीय आज्ञावली, हेच विषय पुढेमागे असतात. शिवाय २०२१ च्या जुलैमध्ये अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे विनियम लागू झाले. एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक खात्यात जमा करून दुसरीकडे वापरता यावेत, पदवी देणाऱ्या संस्थेत निदान निम्मे मिळवलेले असावेत, एवढी अट. यंत्रणा तयार आहे, विद्यार्थ्यांची खाती उघडून घेतली जात आहेत. पण श्रेयांक वाहून नेता येतात म्हणून विद्यार्थ्याला स्वतःला जाता येत नाही. समोरच्या संस्थेने त्याला घेतलेच पाहिजे, जुन्या संस्थेने सोडलेच पाहिजे, असे कोठेच म्हटलेले नाही. पैसे खात्यात आहेत, बँकेचे दार बाहेरून कुलूपबंद, असा हा प्रकार.

तिसरी शंका अधिक प्रामाणिक आहे. दार उघडले तर चांगली महाविद्यालये भरतील आणि कमकुवत ओस पडतील, लहान गावांतली तर आधी. होय, काही पडतील. पण बदली फक्त मंजूर जागांतील रिकाम्या जागांवर आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवरच होणार असेल तर लोंढा येऊच शकत नाही. उलट माझा अनुभव सांगतो, की घरापासून दूर महागड्या शहरात गेलेली मुले परत फिरतील तेव्हा ती जिल्ह्याच्या गावातल्या साध्या, स्वस्त महाविद्यालयांकडेच वळतील. तेथील जागा आज रिकाम्या पडून आहेत.

करायचे ते फार नाही. प्रत्येक राज्याच्या तंत्रशिक्षण संचालनालयाने दरवर्षी जुलैपूर्वी दुसऱ्या वर्षाच्या महाविद्यालयवार रिकाम्या जागा जाहीर कराव्यात आणि पदविकाधारकांबरोबरच बदली मागणाऱ्या विद्यार्थ्यांचीही एक केंद्रीय फेरी घ्यावी. उरलेल्या शुल्काचे हमीपत्र घेण्यावर आयोगाने आणि तंत्रशिक्षण परिषदेने स्पष्ट शब्दांत बंदी घालावी. भरपाईची कमाल मर्यादा एक सत्र. मूळ कागद अडकवणाऱ्या संस्थेला दर दिवसाला ठराविक दंड, थेट विद्यार्थ्याला देय. कर्ज आणि शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्या नावावर, संस्था बदलल्यास केवळ सूचना पुरेशी.

हे होईल तेव्हा होईल. तोवर यंदा प्रवेश घेणाऱ्या वाचकांसाठी थोडे व्यवहाराचे. सह्यांच्या गठ्ठ्यातील उरलेल्या शुल्काचे पान शोधून काढा, त्याची छायाप्रत मागा, आणि सही करावीच लागली तर त्यावर ‘प्रत्यक्ष सिद्ध नुकसानीच्या मर्यादेत’ एवढे हाताने लिहा. लिपिक कुरकुर करील, बहुधा वरिष्ठांकडे पाठवील, पाठवू द्या. मूळ गुणपत्रिका पडताळणीनंतर परत मागा आणि दिली नाही तर निदान पोच घ्या. शुल्क वर्षाचेच भरा, सवलतीच्या मोहाने दोन वर्षांचे एकदम भरू नका. आणि बदलीचा विचार मनात असेल तर फेब्रुवारीतच ज्या राज्यात जायचे तेथील तंत्रशिक्षण संचालनालयाकडे, हव्या त्या शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या रिकाम्या जागा विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज करा. उत्तराला तीस दिवस लागतात, अपिलात गेलात तर आणखी महिना-दीड महिना, आणि प्रवेशाच्या तारखा कोणासाठी थांबत नाहीत.